हेन्री सातवा: 'ट्यूडर' हे आडनाव नव्हतंच, मग ते इंग्लंडच्या राजघराण्याला चिकटलं कसं?

आठवा हेन्री, त्याच्या सहा बायका, पहिली एलिझाबेथ. सिनेमे आणि सीरिजमुळे इंग्लंडचं ट्यूडर घराणं आपल्याकडेही बऱ्याच जणांना माहीत आहे. पण या घराण्याचा पहिला राजा, सातवा हेन्री, वडिलांच्या बाजूने ज्या वेल्श कुळातून आला, तिथे आडनाव नावाची भानगडच नव्हती.

वेल्समध्ये माणसाचं नाव म्हणजे त्याचं स्वतःचं नाव आणि पुढे वडिलांचं. मधे 'अप' किंवा 'अब', म्हणजे 'चा मुलगा'. मुलीसाठी 'वेर्ख'. लग्नानंतरही बाईचं नाव बदलत नसे. आपण नावापुढे वडिलांचं नाव लावतो तसंच, फक्त शेवटी आडनाव नाही. हवं तर पुढे आजोबा, पणजोबा जोडत जायचं.

हेन्रीच्या आजोबांचं नाव होतं ओवेन अप मेरेडिथ अप टुडुर. आणखी मागे गेलात तर अप गोरोन्वी, अप टुडुर, अप गोरोन्वी, अप एडनवेद. हा एडनवेद तेराव्या शतकात वेल्श राजा लवेलिन याचा प्रमुख कारभारी होता. म्हणजे एका नावात सात पिढ्या! हा नुसता बडेजाव नव्हता. जुन्या वेल्श कायद्यात जमिनीचा वाटा आणि खुनाची भरपाई नात्यावर ठरायची. कोण कुणाचा कितवा चुलतभाऊ, हे पाठ नसेल तर नुकसान तुमचंच.

विधवा राणी आणि वेल्श नोकर

ओवेनचं कुळ अँगलसी बेटावरच्या पेनमनिदचं. त्याच्या वडिलांनी 1400 मध्ये सुरू झालेल्या ओवेन ग्लिन्डूरच्या बंडात भाग घेतला आणि कुळाच्या बहुतेक जमिनी गेल्या. पुढे इंग्लंडने वेल्श लोकांवर कडक निर्बंध घातले. इंग्रजांच्या शहरांत त्यांना जमीन घेता येईना, महत्त्वाची पदं मिळेनात.

अशा काळात ओवेन पाचव्या हेन्रीची विधवा राणी कॅथरिन हिच्याकडे नोकरीला लागला. 1430 च्या सुमारास दोघांनी गुपचूप लग्न केलं. 1432 मध्ये ओवेनला इंग्रज माणसाचे हक्क मिळाले. पण इंग्रज कारकुनांना त्याच्या नावाचं काय करायचं ते कळेना. सुरुवातीच्या कागदांत तो मेरेडिथचा मुलगा म्हणून येतो, नंतर कधीतरी टुडुर हा शब्द उचलला जातो आणि त्याचं ट्यूडर होतं. लिहिणाऱ्यांनी मेरेडिथ कायम ठेवलं असतं, तर आज आपण मेरेडिथ घराण्यावरच्या सीरिज बघत असतो.

खापरपणजोबांचं नाव, तेही शिवीसारखं

ओवेनचा मुलगा एडमंड याला सावत्रभाऊ सहाव्या हेन्रीने रिचमंडचा अर्ल केलं. यॉर्क आणि लँकेस्टर या राजघराण्याच्या दोन शाखांत युद्ध पेटलं. विल्यम हर्बर्ट या यॉर्कच्या बाजूच्या सरदाराने कारमार्दनचा किल्ला घेतला आणि नोव्हेंबर 1456 मध्ये एडमंड तिथेच प्लेगने गेला. त्याची बायको मार्गारेट बोफर्ट तेव्हा 13 वर्षांची आणि गरोदर. 28 जानेवारी 1457 ला पेम्ब्रोकच्या किल्ल्यात हेन्री जन्मला. वेल्श रीतीने तो हॅरी अब एडमंड झाला असता.

1461 मध्ये आजोबा ओवेनचा शिरच्छेद झाला. चार वर्षांचा हेन्री त्याच हर्बर्टच्या ताब्यात गेला आणि त्याच्याच रॅग्लनच्या किल्ल्यात वाढला. या हर्बर्टच्या वडिलांचं नाव होतं विल्यम अप थॉमस. मुलाने इंग्रजी पद्धतीचं आडनाव घेऊन टाकलं होतं. इंग्लंडच्या राजकारणात वर चढायचं तर 'अप' अडचणीचा होता.

1471 मध्ये लँकेस्टरची बाजू कोसळली. काका जॅस्परने 14 वर्षांच्या हेन्रीला घेऊन समुद्रमार्गे ब्रिटनी गाठलं. पुढची 14 वर्षं परदेशात, कधी पाहुणा तर कधी कैदी म्हणून गेली.

गादीवरचा त्याचा हक्क आईकडून आलेला, आणि तोही कच्चा. बोफर्ट कुळाला राजगादीवर हक्क नाही, असं 1407 मध्येच नोंदवून ठेवलं होतं. तिसऱ्या रिचर्डने नेमकं यावरच बोट ठेवलं. त्याच्या जाहीरनाम्यांत हेन्रीला मुद्दाम ट्यूडर म्हटलं गेलं, म्हणजे कुठल्याशा वेल्श माणसाचा नातू. हेन्री स्वतःला रिचमंड म्हणवत होता.

7 ऑगस्ट 1485 ला तो पेम्ब्रोकशरच्या किनाऱ्यावर उतरला. इंग्लंडमध्ये ज्या रक्तावरून टोमणे बसत होते, तेच इथे कामी आलं. वेल्श कवी कित्येक वर्षं आपला राजा परत येणार अशी भाकितं गात होते. हेन्रीने सातव्या शतकातल्या कॅडवालाडर राजाचा लाल ड्रॅगन झेंड्यावर घेतला. रीस अप थॉमससारखे वेल्श सरदार येऊन मिळाले. 22 ऑगस्टला बॉसवर्थच्या लढाईत रिचर्ड मारला गेला.

मग वंशावळ शोधली

राजा झाल्यावर हेन्रीने वेल्समधल्या जाणकारांकडून आपली वंशावळ काढून घेतली. त्यात गुटुन ओवाइन हा कवी होता. तेव्हाचे वेल्श कवी वंशावळीही सांभाळायचे. शोध थेट ट्रॉयहून आलेल्या ब्रुटसपर्यंत पोहोचला, जो दंतकथेतला आहे. खरी साखळी एडनवेदपर्यंत नीट लागते, पण कारभाऱ्याचा वंशज म्हणवून राजाचं काय भागणार? 1486 मध्ये झालेल्या थोरल्या मुलाचं नाव त्याने आर्थर ठेवलं.

वेल्सला बदल्यात काय मिळालं? उत्तर वेल्समधल्या काही भागांवरचे जुने निर्बंध त्याने शेवटच्या काही वर्षांत सनदा देऊन उठवले. 21 एप्रिल 1509 ला तो वारला.

मोठा बदल त्याच्या मुलाने, आठव्या हेन्रीने केला. 1536 च्या कायद्याने वेल्स इंग्लंडला जोडला गेला आणि कोर्टाची भाषा इंग्रजी झाली. आडनाव घ्या असं या कायद्यात म्हटलेलं नव्हतं, पण इंग्रजी दप्तरात 'अप'ची लांबलचक साखळी बसेना. अप रीसचं प्राइस झालं, अप हाउएलचं पॉवेल, अब ओवेनचं बोवेन. जॉनच्या मुलाबाळांचं जोन्स झालं, जे आज वेल्समधलं सगळ्यात जास्त आढळणारं आडनाव आहे. गंमत म्हणजे जुन्या वेल्श वर्णमालेत 'जे' हे अक्षरच नाही. गावाकडे तर वडिलांच्या नावाची रीत पुढेही दोन-अडीचशे वर्षं टिकली. त्यामुळे वेल्श पूर्वज शोधणाऱ्याला चर्चच्या नोंदवहीत बाप आणि मुलगा वेगवेगळ्या 'आडनावांनी' सापडतात. तिथे आडनावापेक्षा गाव, शेताचं नाव आणि मृत्युपत्र जास्त उपयोगी पडतं.

आणि अप हॅरीचं झालं पॅरी. म्हणजे हेन्रीचा मुलगा आठवा हेन्री, वेल्श हिशोबाने, हॅरी पॅरी.

पेनमनिदला राहिलेल्या भाऊबंदांनीही पुढे आडनाव घेतलं. राजघराण्याचं ट्यूडर नाही, थिओडोर.