एक जुलैचे डॉक्टर

गेल्या वर्षी १ जुलैला आपल्या मंडळाने वस्तीतील डॉक्टरीणबाईंचा सत्कार योजला होता. शाल, श्रीफळ, फुले, सारे ताटात मांडून तयार होते. प्रास्ताविक संपते न संपते तोच त्यांना दवाखान्यातून फोन आला. एका बाईच्या कळा वाढल्या होत्या. सत्कारमूर्ती सर्वांना नमस्कार करून तशाच निघून गेल्या आणि श्रीफळ आम्ही दुसऱ्या दिवशी त्यांच्या घरी पोचते केले. रिकाम्या खुर्चीसमोर चहा घेत बसलो असता आमच्यातल्या एका सूनबाईंनी विचारले की, डॉक्टरांचा दिवस १ जुलैलाच का? आम्हां जुन्याजाणत्यांपैकी एकीलाही ते धड सांगता येईना. त्या दिवशी वाटलेल्या लाजेतून हा लेख लिहिला आहे.

१ जुलै ही डॉ. बिधानचंद्र रॉय यांची जन्मतिथी, आणि योगायोग असा की पुण्यतिथीही तीच. १८८२ साली ह्या तारखेस ते जन्मले आणि १९६२ साली ह्याच तारखेस, ऐंशी वर्षे पुरी करून, गेले. १९९१ पासून आपल्या देशात हा दिवस डॉक्टरांचा म्हणून पाळतात. परदेशांत ह्या तारखा निराळ्या आहेत. अमेरिकेत ३० मार्चला हा दिवस असतो, आणि तो प्रथम साजरा केला तो जॉर्जिया प्रांतातल्या विंडर गावच्या एका डॉक्टरपत्नीने, युडोरा आल्मंड ह्यांनी, १९३३ साली. गावातल्या डॉक्टरांना पत्रे धाडायची आणि दिवंगत डॉक्टरांच्या थडग्यांवर फुले वाहायची, एवढाच तो सोहळा. कल्पना एका गृहिणीची होती, हे वाचून मला बरे वाटले.

बिधानबाबू बंगाली खरे, पण जन्म पाटण्याजवळच्या बांकीपूरचा. पाच भावंडांत धाकटे. वडील प्रकाशचंद्र अबकारी खात्यात निरीक्षक होते. घराणे ब्राह्मो समाजाचे, म्हणजे आपल्याकडील प्रार्थना समाजाच्या वळणाचे. पगार बेताचा, पण घरात पोरक्या मुलांना आसरा असे आणि कामे सर्वांनी मिळून करायची असत. आई अघोरकामिनी लग्न होऊन आल्या तेव्हा त्यांस अक्षरओळख नव्हती. ती पुढे पतीने करून दिली. एवढ्यावर ह्या बाईचे समाधान होईना. पस्तिशीच्या घरात आल्यावर आपल्या मुलींना घेऊन त्या लखनौला इझाबेला थोबर्न ह्या अमेरिकन बाईंच्या शाळेत शिकायला जाऊन राहिल्या आणि परत येऊन बांकीपुरास त्यांनी मुलींची शाळा काढली. ही १८९१ च्या सुमारची गोष्ट! पस्तिशीची बाई मुलींबरोबर शाळेत बसते, तेव्हा शेजारणी काय काय बोलल्या असतील ते आपण सहज ताडू शकतो. बिधान चौदा वर्षांचा असताना ही माउली वारली. पुढे त्यांनी जे केले त्यात मला जागोजाग ह्या आईचा हात दिसतो.

डॉक्टर व्हावे असा त्यांचा लहानपणापासूनचा ध्यास मुळीच नव्हता. गणित घेऊन पदवी मिळविल्यावर त्यांनी इंजिनियरिंग आणि वैद्यक अशा दोन्हीकडे अर्ज केले. वैद्यकाचा होकार आधी आला म्हणून १९०१ साली ते कलकत्त्याच्या मेडिकल कॉलेजात गेले. तोवर वडिलांची मिळकत आटली होती. शिष्यवृत्ती आणि फावल्या वेळी रुग्णांची शुश्रूषा करून मिळणारे चार पैसे, ह्यांवर शिक्षण चालले. साऱ्या अभ्यासक्रमात त्यांनी पाच रुपयांचे एकच पुस्तक विकत घेतले असे सांगतात; बाकीचा अभ्यास ग्रंथालयात.

आणि हे डॉक्टर परीक्षेत नापास झाले होते, बरे का! ती हकीकत मोठी बोलकी आहे. कॉलेजच्या दाराशी प्रसूतिशास्त्राच्या इंग्रज प्राध्यापकांच्या घोडागाडीची ट्रामशी टक्कर झाली. बिधानने ती डोळ्यांनी पाहिली होती. ट्राम भरधाव होती अशी साक्ष दे, असा प्राध्यापकांचा आग्रह. चूक गाडीवानाची होती आणि विचारल्यास मी तसेच सांगेन, असे ह्याचे उत्तर. पुढे तेच प्राध्यापक तोंडी परीक्षेला समोर बसले आणि एम. बी. हुकली. दुसऱ्या एका प्राध्यापकाने धीर दिल्यावर पंधरवड्याने त्यांनी एल. एम. एस. ची परीक्षा दिली व ते उत्तीर्ण झाले. खोटी साक्ष दिली असती तर कोणाला कळलेही नसते, आणि मुलगा तर गरिबीतून वर येऊ पाहणारा! आपल्या मुलाने असा प्रसंग घरी येऊन सांगितला असता तर आपण त्याला काय सल्ला दिला असता, हे मी स्वतःला विचारून पाहिले. उत्तर फारसे भूषणावह नव्हते.

१९०९ मध्ये सुमारे बाराशे रुपये गाठीशी बांधून ते विलायतेस गेले. लंडनच्या सेंट बार्थोलोम्यू रुग्णालयाचे अधिकारी हिंदी विद्यार्थ्यास घेईनात. ह्यांनी अर्ज करीतच राहावे, त्यांनी नाकारीतच राहावे. तिसाव्या अर्जानंतर प्रवेश मिळाला असे सांगतात. सव्वादोन वर्षांत एम. आर. सी. पी. आणि एफ. आर. सी. एस. ह्या दोन्ही परीक्षा देऊन १९११ साली ते परतले. ह्यांतली एक परीक्षा देतानाही लोकांचे केस पांढरे होतात.

नंतर अध्यापन, व्यवसाय आणि राजकारण तिन्ही एकदमच चालले. १९२३ च्या निवडणुकीत ह्या नवख्या डॉक्टरने सुरेंद्रनाथ बॅनर्जींसारख्या वयोवृद्ध पुढाऱ्याचा पराभव केला. १९३१ मध्ये ते कलकत्त्याचे महापौर झाले. पण आपल्या मंडळाच्या दृष्टीने मला जास्त महत्त्वाचे वाटते ते चित्तरंजन सेवासदन. देशबंधू चित्तरंजन दास १९२५ च्या जूनमध्ये वारले. आपले राहते घर स्त्रियांच्या कल्याणासाठी ते देऊन गेले होते. गांधीजींनी दहा लाखांच्या निधीसाठी बंगालभर झोळी फिरवली आणि १९२६ साली त्या घरात स्त्रिया व मुले ह्यांचे रुग्णालय उघडले. त्याची उभारणी बिधानबाबूंनी अंगावर घेतली.

इमारत झाली, खाटा आल्या, पण बायका येईनात. रुग्णालय म्हणजे मरायला जाण्याची जागा, परक्या पुरुषाने नाडी पाहायची, कोणाच्या हातचे खायचे, अशा शंका घरोघरी होत्या. त्या अगदीच अनाठायी होत्या असे मी म्हणणार नाही. आमच्या आजीच्या पिढीतल्या कित्येकींनी बाळंतपणे अंधाऱ्या खोलीत काढली ती अशाच भीतीपोटी. बिधानबाबूंच्या ध्यानात आले की, बायकांना आणायचे तर बायकाच तयार केल्या पाहिजेत. त्यांनी तेथे परिचर्येचे आणि समाजसेवेचे शिक्षण स्त्रियांना देण्यास सुरुवात केली. रमाबाई रानड्यांनी पुण्याच्या सेवासदनात ज्यासाठी खटपट केली तेच हे काम. हळूहळू सर्व जातिधर्मांच्या बायका येऊ लागल्या. त्याच सेवासदनाच्या आवारात पुढे कर्करोगाचे रुग्णालय निघाले आणि १९५० च्या जानेवारीत त्याचे उद्घाटन मादाम क्यूरींच्या कन्या इरेन जोलिओ-क्यूरी ह्यांच्या हस्ते झाले. प्रसूतिशास्त्राच्या तोंडी परीक्षेत अडलेल्या विद्यार्थ्याच्या हातून बायकांचे एवढे काम व्हावे, हा न्याय मला फार आवडतो.

त्यांचा आपल्या पुण्याशीही संबंध आला, तो गांधीजींच्या उपवासांमुळे. १९४३ च्या फेब्रुवारीत आगाखान पॅलेसमध्ये गांधीजींनी एकवीस दिवसांचा उपवास केला, तेव्हा देखरेखीस असलेल्या डॉक्टरांत बिधानबाबू होते. त्यापूर्वी १९३३ साली प्रेमलीलाबाई ठाकरसी यांच्या पर्णकुटीत उपवास झाला, तेव्हाची एक आठवण सांगतात. गांधीजी औषध घेईनात. देशातल्या चाळीस कोटी लोकांना तुम्ही फुकट औषध देता काय, मग मीच का घ्यावे, असे त्यांनी विचारले. डॉक्टर म्हणाले की, सर्वांना फुकट देणे मला जमलेले नाही, पण मी येथे एका माणसाच्या उपचारास आलो नसून त्या चाळीस कोटींच्या प्रतिनिधीच्या उपचारास आलो आहे. गांधीजींनी त्यांना तालुक्याच्या कोर्टातला तिसऱ्या दर्जाचा वकील ठरवले आणि औषध घेतले.

१९४८ च्या जानेवारीत ते पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री झाले आणि मरेपर्यंत त्या पदावर राहिले. फाळणीने घरदार गमावलेली लाखो माणसे कलकत्त्यात येऊन पडली होती. हरिणघाट्याची दूध योजना, दुर्गापूर, कल्याणी ही सारी त्यांच्या काळातली कामे. सत्यजित राय यांचा ‘पथेर पांचाली’ पैशावाचून अडला होता, तेव्हा रायांच्या आईने ओळखीतून शब्द टाकला आणि बिधानबाबूंच्या सरकारने पैसे दिले. कागदोपत्री तो खर्च रस्तेसुधारणेच्या नावे पडला म्हणतात, कारण चित्रपटाच्या नावातच रस्ता होता!

पण सत्काराच्या दिवशी लिहितो आहोत म्हणून सारेच गोड लिहू नये. १९५९ साली धान्यटंचाईने हैराण झालेले लोक कलकत्त्यात मोर्चा घेऊन आले. ३१ ऑगस्टला पोलिसांनी त्यांच्यावर लाठ्या चालवल्या आणि त्या चळवळीत अनेक माणसे मेली. सरकार बिधानबाबूंचे होते. भुकेचा इलाज डॉक्टरला ठाऊक असतो, अशा वेळी तो का सुचला नाही, हा प्रश्न बंगालमधल्या पुष्कळ घरांत अजून विचारला जात असेल, आणि तो विचारणे रास्तच आहे.

मात्र एक गोष्ट त्यांनी अखेरपर्यंत सोडली नाही. मुख्यमंत्री झाल्यावरही ते रोज सकाळी आधी गरीब रोगी पाहत, तेही विनामूल्य, आणि मग कचेरीत जात. १९६१ साली भारतरत्न मिळाले तरी हा क्रम मोडला नाही. लग्न केलेले नव्हते, मागे मूलबाळ नव्हते. कलकत्त्यातले आपले राहते घर त्यांनी रुग्णसेवेसाठी देऊन टाकले. देशबंधूंचे घर त्यांनी बायकांसाठी रुग्णालय करून चालवले होते. आता स्वतःचे दिले. त्या शुश्रूषागृहाला त्यांनी नाव दिले आपल्या आईचे, अघोरकामिनींचे.