स्टीफन हिस्लॉप

रेव्हरंड स्टीफन हिस्लॉप (८ सप्टेंबर, १८१७:डन्स, बेरिकशायर, स्कॉटलंड - ४ सप्टेंबर, १८६३:बोरी, नागपूर जिल्हा) हे स्कॉटिश धर्मप्रचारक, शिक्षक आणि भूशास्त्रज्ञ होते. विदर्भातील जीवाश्मांचा पद्धतशीर अभ्यास करणाऱ्या आरंभीच्या संशोधकांत त्यांची गणना होते.

जीवन

हिस्लॉप १८४५ मध्ये नागपूरला आले. तेथे त्यांनी शाळा सुरू केली. गोंड समाजाची भाषा व चालीरीती यांविषयीच्या त्यांच्या नोंदी रिचर्ड टेंपल यांनी १८६६ मध्ये प्रसिद्ध केल्या.

भूशास्त्रीय संशोधन

नागपूरपासून पश्चिमेकडे, यवतमाळ जिल्ह्यातील उमरखेडसारख्या भागांसह, दख्खन ट्रॅपचा काळा खडक पसरला आहे. त्याच्या लाव्हाथरांमध्ये काही ठिकाणी गाळाचे पातळ थर सापडतात. सीताबर्डी टेकडी व टाकळी येथील अशा थरांतून हिस्लॉप आणि त्यांचे सहकारी रॉबर्ट हंटर यांनी शंख-शिंपले, वनस्पती व ऑस्ट्रॅकोडा या सूक्ष्म कवचधारी प्राण्यांचे जीवाश्म गोळा केले. त्यांचा प्रबंध १८५५ मध्ये लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीच्या नियतकालिकात आला. हे प्राणी गोड्या पाण्यातील असल्याने तो गाळ समुद्रात नव्हे, तर तळ्यांत साचला होता, असे त्यांनी दाखवले. १८६० च्या लेखात हिस्लॉप यांनी राजमहेंद्री परिसरातील शिंपल्यांची तुलना केली व ते खाडीच्या पाण्यातील असल्याचे मत मांडले.

त्यांचे काही निष्कर्ष पुढे टिकले नाहीत. खालचा लाव्हा गाळाखाली नंतर घुसला, असे ते मानत. प्रत्यक्षात लाव्हाच्या दोन उद्रेकांमधील काळात हे थर साचले. त्यांनी थरांचे वय इओसीन युगाच्या आरंभीचे ठरवले होते. एकविसाव्या शतकात राजमहेंद्री आणि छिंदवाडा जिल्ह्यातील झिलमिली येथील थरांत फोरॅमिनिफेरा या सागरी सूक्ष्मजीवांची कवचे मिळाली. त्यांवरून तेथील थर सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या, म्हणजे डायनोसॉर नष्ट झाले त्या सुमाराच्या, लगेच नंतरचे ठरले. झिलमिलीसारख्या आज समुद्रापासून दूर असलेल्या प्रदेशात तेव्हा सागराचे पाणी पोहोचले होते, हेही त्यातून कळले. कवचांवरून प्राचीन जलाशय ओळखण्याची हिस्लॉप यांची रीत मात्र कायम राहिली.

मृत्यू आणि स्मृती

टाकळघाट येथील प्राचीन शिलावर्तुळे पाहून परतताना बोरीजवळ पुराच्या पाण्यात बुडून त्यांचा मृत्यू झाला. हिस्लोपाइट हे खनिज आणि १८८३ मध्ये स्थापन झालेले नागपूरचे हिस्लॉप महाविद्यालय त्यांच्या नावाने ओळखले जाते.