राजाचा संघ नकाशावरून गायब झाला, पण सी. के. नायडू साठीनंतरही रणजी खेळत राहिले

हिंगोलीच्या पोराला आज रणजी खेळायची असेल तर त्याला पुण्याच्या महाराष्ट्र क्रिकेट असोसिएशनकडून खेळावं लागतं. तासाभराच्या अंतरावर असलेल्या वाशीमच्या पोराला मात्र नागपूर गाठावं लागतं, कारण वाशीम विदर्भात. आणि १९५६ च्या आधी हिंगोली जेव्हा निजामाच्या परभणी जिल्ह्यात होती, तेव्हा तिचं राज्यही हैदराबाद होतं आणि रणजीतला संघही हैदराबाद.

म्हणजे गाव तेच, मैदान तेच, फक्त नकाशावरची रेष सरकली की संघ बदलतो.

अमेरिकेत सध्या कॉलेज फुटबॉलमध्ये असाच राडा सुरू आहे. टीव्हीच्या पैशासाठी मोठी कॉलेजं जुनी लीग सोडून नव्या लीगमध्ये गेली आणि २०२४ मध्ये पॅक-१२ नावाच्या बारा संघांच्या लीगमध्ये फक्त दोन संघ उरले. आपल्याकडे असा प्रकार फार आधी होऊन गेलाय. आणि त्या सगळ्या उलथापालथीत मैदानावर उभा असलेला माणूस होता नागपूरचा. कोट्टारी कनकय्या नायडू, म्हणजेच सी. के. नायडू.

३१ ऑक्टोबर १८९५ ला त्यांचा नागपुरात जन्म झाला. घराणं तेलुगू, आजोबा वकील, वडील केंब्रिजमध्ये शिकलेले. पोरगं हिस्लॉपच्या शाळेत क्रिकेट खेळायला लागलं आणि १९१६ ला थेट मुंबईच्या चौरंगी सामन्यांत उतरलं.

आता ही चौरंगी म्हणजे काय? तर त्या काळी देशातली सगळ्यात मोठी स्पर्धा. संघ राज्यांचे नव्हते, धर्माचे होते. हिंदू, पारशी, मुस्लिम आणि युरोपियन. पुढे १९३७ ला पाचवा संघ आला आणि ती पंचरंगी झाली. नायडू हिंदूंकडून युरोपियन संघाविरुद्ध उतरले आणि पहिल्या धावा काढल्या त्याच सिक्स मारून.

पण देशभर त्यांचं नाव झालं ते डिसेंबर १९२६ मध्ये. इंग्लंडहून आर्थर गिलिगनचा एमसीसी संघ आला होता. मुंबईच्या जिमखाना मैदानावर नायडूंनी दोन तासांच्या आत १५३ धावा ठोकल्या, त्यात ११ सिक्स. लोक झाडांवर आणि गच्च्यांवर चढून बघत होते म्हणतात. त्याच दौऱ्यात पुण्याच्या प्रा. दि. ब. देवधरांनी १४८ केल्या. भारतीय गडी गोऱ्यांना भिडू शकतात हे गिलिगनलाही पटलं, आणि १९२८ ला बीसीसीआय उभं राहण्यामागं या दौऱ्याचा मोठा हात होता.

२५ जून १९३२ ला लॉर्ड्सवर भारत पहिली कसोटी खेळला. दौऱ्याचे कॅप्टन होते पोरबंदरचे महाराज. पण आपल्यापेक्षा नायडू लायक आहेत हे ओळखून ते बाजूला झाले. (त्या काळच्या राजेलोकांत हा शहाणपणा दुर्मिळच. १९३६ ला विझीने काय केलं ते क्रिकेटवाल्यांना सांगायला नको.) नायडूंनी हाताला लागलेलं असताना पहिल्या डावात ४० केल्या, भारताकडून त्याच सगळ्यात जास्त होत्या.

खरी गोष्ट मात्र घरच्या क्रिकेटमध्ये घडत होती.

१९२३ मध्येच इंदूरच्या तुकोजीराव होळकरांनी नायडूंना बोलवून घेऊन आपल्या फौजेत कॅप्टन केलं होतं. पुढे ते कर्नल झाले. संस्थानांची पद्धतच अशी होती, चांगला खेळाडू दिसला की त्याला फौजेत किंवा दरबारात नोकरी द्यायची आणि मैदानात उतरवायचं. आजच्या भाषेत सांगायचं तर फ्रँचायझीच. फक्त मालक गादीवर बसलेला.

१९३४-३५ ला रणजी सुरू झाली. १९४१-४२ पासून त्यात होळकर नावाचा संघ उतरला. मुश्ताक अली, चंदू सरवटे, सी. के. यांचे भाऊ सी. एस. नायडू, हिरालाल गायकवाड, कोल्हापूरचे भाऊसाहेब निंबाळकर. कॅप्टन अर्थात सी. के. नायडू. वय तेव्हा पंचेचाळिशीच्या पुढे. शिस्त अशी कडक, की त्यांच्या संघात दुखण्याची तक्रार करायची कुणाची टाप नव्हती.

१९४५-४६ च्या सेमीफायनलला या संघाने म्हैसूरविरुद्ध ८ बाद ९१२ वर डाव सोडला. एकाच डावात सहा जणांनी शतक मारलं. त्यातलं एक पन्नाशीतल्या नायडूंचं. फायनलला बडोद्याविरुद्ध त्यांनी २०० केल्या आणि होळकर पहिल्यांदा चॅम्पियन झाले.

१९४४-४५ ते १९५४-५५ या ११ सीझनमध्ये होळकर १० वेळा फायनलला गेले, ४ वेळा जिंकले. चारही वेळा कॅप्टन नायडूच. मुंबईसारख्या मोठ्या संघाला १९४७-४८ च्या फायनलमध्ये यांनीच हरवलं.

पण बाहेर सगळं बदलत होतं. १९४६ ला पंचरंगी बंद झाली, धर्मावर संघ पाडण्याला गांधीजींनी आधीच विरोध केला होता. फाळणीत सिंध आणि नॉर्दर्न इंडियाचे संघ पाकिस्तानात गेले. संस्थानं विलीन झाली, १९४८ ला इंदूर मध्य भारतात गेलं. राजाच राहिला नाही तर राजाचा संघ किती दिवस चालणार? नवानगरने १९३६-३७ ला रणजी जिंकली होती, तोही संघ संपला. होळकर १९५४-५५ ला शेवटची फायनल मद्रासकडून हरले आणि नंतर ते नाव रणजीत पुन्हा दिसलं नाही. त्या जागी आधी मध्य भारत आला, मग मध्य प्रदेश.

नायडू त्याआधीच बाहेर पडले होते. पण घरी बसायला नाही. १ ऑक्टोबर १९५३ ला आंध्र राज्य झालं, त्याच सीझनला आंध्रचा संघ पहिल्यांदा रणजीत उतरला आणि कॅप्टन होते ५८ वर्षांचे नायडू. चार रणजी जिंकलेला माणूस देशातल्या सगळ्यात नवख्या संघाकडून खेळत होता. मग १९५६-५७ ला उत्तर प्रदेशकडून, साठी ओलांडल्यावर. त्यांनी शेवटची फर्स्ट क्लास मॅच १९६३-६४ ला खेळली, वयाच्या ६८ व्या वर्षी.

१९५६-५७ पर्यंत रणजी नॉकआउट होती. छोटा संघ एक मॅच हरला की वर्षभर घरी. १९५७-५८ ला झोननुसार लीग आली आणि अशा संघांना निदान काही मॅच मिळायला लागल्या. हा बदल झाला तेव्हा नायडूंचं रणजी खेळणं संपलं होतं.

१४ नोव्हेंबर १९६७ ला इंदूरमध्ये त्यांचं निधन झालं.

होळकरांच्या जागी आलेल्या मध्य प्रदेशाला पहिली रणजी जिंकायला २०२२ उजाडलं, तीही मुंबईला हरवून. नायडूंच्या जन्मगावच्या विदर्भाने २०१७-१८ पासून तीन वेळा रणजी नेली. ज्या महाराष्ट्राकडून हिंगोलीचा पोरगा खेळतो, त्याने शेवटची जिंकली १९४०-४१ ला, देवधर कॅप्टन असताना. आणि त्या पोराची २३ वर्षांखालच्या संघात निवड झाली, तर तो जी स्पर्धा खेळेल तिचं नाव आहे कर्नल सी. के. नायडू ट्रॉफी.