तळपदे यांच्या विमानाचे इंजिन

मुंबईच्या पाठारे प्रभू समाजातील शिवकर बापूजी तळपदे यांचा जन्म १८६४ सालचा. जे. जे. कलाशाळेशी संबंध असलेल्या या गृहस्थांना स्वामी दयानंदांच्या लेखनामुळे वैदिक विमानविद्येचा ध्यास लागला. १८९५ मध्ये त्यांनी चौपाटीवर ‘मरुत्सखा’ हे मानवरहित विमान उडविले, अशी कथा आजही अभिमानाने सांगितली जाते. त्या उड्डाणाचा निर्विवाद समकालीन पुरावा मात्र हाती आलेला नाही.

खरी अडचण इंजिनाची. विमान लहान असो वा मोठे, यंत्र वजनाला हलके आणि शक्तीला पुरेसे हवे. मे १८९६ मध्ये अमेरिकेत सॅम्युअल लँगली यांचे मानवरहित विमान सुमारे एक किलोमीटर उडाले, तेही छोट्या वाफेच्या इंजिनावर. ‘मरुत्सखा’ पाऱ्याच्या बळावर उडाले, असे सांगतात. पण पाऱ्यातून तेवढी शक्ती कशी मिळावी, याचा उलगडा कुणी केलेला नाही. १९७४ मध्ये बंगळुरूच्या शास्त्रज्ञांनी ‘वैमानिक शास्त्र’ ग्रंथातील विमाने उडण्यास असमर्थ ठरविली. तो ग्रंथ मात्र १८९५ नंतरचा. त्याचे अपयश तळपदे यांच्या माथी मारणे अन्यायाचे होईल.

पहिले महायुद्ध चालू असतानाच तळपदे यांचे निधन झाले. तोवर युरोपच्या आकाशात पेट्रोल इंजिनांची विमाने परस्परांशी झुंजू लागली होती.