भिंत कुणासाठी होती? हमीद दलवाई आठवताना

मुळशी तालुक्यातल्या मारुंजीत सकाळी नऊच्या सुमारास रस्त्याकडेला उभे राहून पाहावे. हिंजवडीच्या आयटी पार्ककडे बसगाड्या, कंपन्यांच्या गाड्या आणि दुचाक्यांची रांग लागलेली असते. कुणी कॉलेजला निघालेली, कुणी कामावर. दुचाकीवरच्या मुलींनी पुण्याच्या रिवाजाप्रमाणे डोळे तेवढे मोकळे ठेवून तोंडाला स्कार्फ बांधलेला. त्यातली मुसलमान कोण, बौद्ध कोण आणि मराठा कोण, हे ओळखू येत नाही. ऊन आणि धूळ सगळ्यांना सारखीच लागते.

कंपनीच्या दारात स्कार्फ सुटतो आणि मग काही घरांतला प्रश्न सुरू होतो. परक्या पुरुषाच्या शेजारच्या टेबलावर आठ तास बसणे मुस्लिम मुलीला चालते का? वर्गात मुलांसोबत शिकणे धर्माला धरून आहे का? २०१० साली देवबंदच्या दारुल उलूममधून स्त्रियांनी पुरुषांसोबत मिसळून काम करण्याविरुद्ध मत आले, तेव्हा देशभर वाद झाला आणि मागाहून खुलासेही झाले. प्रश्न मात्र मिटला नाही. म्हणून आज आम्ही याच पुणे जिल्ह्यात ज्याने मुस्लिम स्त्रीच्या हक्काची संघटना उभी केली, त्या हमीद दलवाईंची आठवण काढतो आहोत.

दलवाईंचा जन्म २९ सप्टेंबर १९३२ चा. चिपळूणजवळचे मिरजोळी हे त्यांचे गाव. कोकणी मुसलमानाचे घर, मराठी शिक्षण, तरुणपणी राष्ट्र सेवा दलाचे संस्कार. पुढे ते मुंबईला आले आणि आचार्य अत्र्यांच्या ‘मराठा’त पत्रकारी केली. ‘लाट’ हा कथासंग्रह आणि ‘इंधन’ ही कादंबरी लिहिली. लेखक म्हणून नाव झाले होते. तेवढ्यावर थांबले असते तर सन्मानाने जगले असते. ते थांबले नाहीत.

१८ एप्रिल १९६६ रोजी मुंबईत विधिमंडळावर एक मोर्चा निघाला. मोर्चात सात मुस्लिम स्त्रिया होत्या. फक्त सात! हातात फलक, तोंडी तलाक बंद करण्याची आणि सर्व नागरिकांना समान कायदा लावण्याची मागणी. सात ही संख्या पाहून हसणारे तेव्हा पुष्कळ होते. पण ज्या समाजात बाईने परक्या पुरुषांसमोर येऊ नये असे सांगितले जात होते, तिथल्या सात जणी भर रस्त्यातून चालत राज्यकर्त्यांच्या दारात गेल्या. आमच्या मते मागणीइतकेच त्यांचे रस्त्यावर येणेही मोठे होते. त्या सातांत दलवाईंची पत्नी मेहरुन्निसा होत्या आणि बहीणही होती. दुसऱ्याच्या लेकीबाळींना पुढे करून आपल्या घरच्यांना माजघरात ठेवणारे सुधारक या महाराष्ट्राने पुष्कळ पाहिले आहेत. दलवाई त्यातले नव्हते.

मेहरुन्निसांबद्दल थोडे अधिक सांगितले पाहिजे. त्यांचे लग्न आधी इस्लामी पद्धतीने झाले आणि नंतर विशेष विवाह कायद्याखाली पुन्हा झाले. त्या नोकरी करत. दलवाई समाजकार्यात पूर्ण वेळ गुंतले तेव्हा संसाराचा भार त्यांच्या पगाराने उचलला. म्हणजे मुस्लिम स्त्रीने पुरुषांच्या बरोबरीने कचेरीत जावे की नाही, यावर सभांतून वाद होत असताना, तशाच एका स्त्रीच्या नोकरीवर ही चळवळ उभी होती. पुढे ‘मी भरून पावले आहे’ या आत्मकथनात त्यांनी हे आयुष्य सांगितले.

२२ मार्च १९७० रोजी पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळाची स्थापना झाली. हे नाव कुठून आले, ते आमच्या वाचकांना सांगायला नको. जोतीरावांनी १८७३ साली याच पुण्यात सत्यशोधक समाज स्थापन केला होता. त्याच्याही आधी, १८४८ साली, मुलींची शाळा काढली होती. दलवाईंनी तो वारसा उघडपणे स्वीकारला. १९७१ च्या डिसेंबरात पुण्यात मुस्लिम महिलांची परिषद भरवली. मुस्लिम मुलांनी प्रादेशिक भाषेत, सर्वांच्या सोबत शिकावे, असा आग्रह धरला. बहिष्कार, शिव्या, हल्ले हे सारे वाट्याला आले.

इथे धर्माचे काय म्हणणे आहे, हे प्रामाणिकपणे पाहिले पाहिजे. कुराणाच्या चोविसाव्या सूऱ्यात नजर खाली ठेवण्याची आज्ञा आधी पुरुषांना आहे, मग स्त्रियांना. परक्या स्त्री-पुरुषांनी एकांतात राहू नये, असे हदीस सांगते. पण एकांत वेगळा आणि चार माणसांत काम करणे वेगळे. किती मिसळावे, यावर धर्मपंडितांत एकमत नाही. कुणी शाळा-कचेरीत पूर्ण विभागणी मागतात, कुणी मर्यादा पाळून सोबत शिकायला, काम करायला मोकळीक देतात. पैगंबरांच्या पहिल्या पत्नी खदिजा या व्यापारी होत्या. आयेशांकडून पुरुषांनीही धर्मज्ञान घेतले. हजला काबाभोवती स्त्री-पुरुष एकत्रच फिरतात. सौदी अरेबियात २००९ साली स्त्री-पुरुषांचे एकत्र विद्यापीठ उघडले आणि त्यावर टीका करणाऱ्या मौलवीला राजाने धर्मपंडितांच्या मंडळातून काढले. उलट अफगाणिस्तानात तालिबानने २०२१ मध्ये मुलींच्या माध्यमिक शाळा बंद केल्या आणि २०२२ च्या डिसेंबरात विद्यापीठांची दारेही लावून घेतली. ग्रंथ एकच, पण कुठे दार उघडते, कुठे बंद होते. मग दार कोण लावतो? ग्रंथ की सत्ता?

दलवाई या शब्दार्थाच्या वादात फारसे शिरले नाहीत. माणसाचा हक्क ग्रंथाच्या परवानगीवर ठेवायचाच कशाला, ही त्यांची भूमिका होती. संविधान आहे, ते पुरे आहे. बाबासाहेबांचा मार्ग याहून वेगळा होता का? पाकिस्तानच्या प्रश्नावरील १९४० च्या ग्रंथात बाबासाहेबांनी पडदा पद्धतीची चिकित्सा केली. स्त्री-पुरुषांना तोडून ठेवल्याने स्त्रीचे शरीर-मन खुंटते आणि पुरुषाची नीतीही बिघडते, हे त्यांनी दाखवले. १९१६ च्या जातिविषयक निबंधात तर जात टिकते ती स्त्रीवर पहारा ठेवून, हे सांगितले होते. स्त्री-पुरुषांमधली भिंत ही जातीचीच भिंत आहे.

दलवाईंच्या मांडणीत एक उणीव आम्हाला दिसते आणि ती सांगितली पाहिजे. मुस्लिम समाजातल्या जातींकडे त्यांनी पुरेसे लक्ष दिले नाही. घरात बसण्याची चैन परवडणार कुणाला? बाजारात भाजी-फळे विकणारी बागवान बाई, सोलापुरात विड्या वळणारी, कोकणात भातलावणीला चिखलात उतरणारी बाई पुरुषांसोबतच राबत आली आहे. तिच्यासाठी फतवा निघाला नाही. आमच्या आया-आज्या पाटलाच्या शेतात राबल्या, तेव्हा त्यांच्याही मर्यादेची चिंता कुणाला वाटली नव्हती. पोरगी शिकून खुर्चीवर बसली, पगार घेऊ लागली, स्वतःचा जोडीदार निवडू लागली की मर्यादा आठवते. हे आमच्या वस्त्यांतही घडते. बारावीनंतर कॉलेज लांब आहे म्हणून मुलीचे नाव काढणारा बाप काय फक्त मुसलमानच असतो?

३ मे १९७७ रोजी, वयाच्या अवघ्या चव्वेचाळिसाव्या वर्षी, मूत्रपिंडाच्या आजाराने दलवाई गेले. कोणताही धार्मिक विधी नको, दहन करा, ही त्यांची इच्छा पाळली गेली. काम थांबले नाही. १९८२ साली जळगावात मुस्लिम स्त्रियांना सिनेमाबंदी झाली, तेव्हा रझिया पटेल या तरुणीने त्याविरुद्ध झुंज दिली. २२ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एका दमातला तिहेरी तलाक रद्द ठरवला. सात जणींच्या मोर्चाला तेव्हा एक्कावन्न वर्षे झाली होती.

आज दलवाईंचे नाव घेऊन मुसलमानांना झोडपणारे पुष्कळ आहेत. त्यांना आम्ही एवढेच सांगू की दलवाईंनी हिंदू जमातवादालाही सोडले नव्हते. २०२२ साली कर्नाटकात हिजाबवरून मुलींना कॉलेजच्या फाटकावर अडवले गेले. फतवा मुलीला घरात अडवतो आणि सरकारी हुकूम तिला फाटकावर अडवतो. दोन्हीकडे वर्गातले तिचे बाक रिकामेच राहते. दलवाईंची कसोटी लावायची तर प्रश्न एकच विचारावा. मुलगी वर्गात पोचली का, कामावर पोचली का?

मारुंजीच्या रस्त्यावरून रोज सकाळी जाणाऱ्या त्या मुलीने स्कार्फ बांधावा, हिजाब घालावा की मोकळ्या केसांनी जावे, हे तिचे तिने ठरवावे. तिच्या शेजारच्या टेबलावर कोण बसतो, याची चौकशी ना मौलवीने करावी, ना भटजीने, ना आमच्यातल्या कुणा पुढाऱ्याने. आपण चळवळीच्या माणसांनी तिचा रस्ता मोकळा ठेवावा आणि सुरुवात आपल्या घरातल्या मुलीपासून करावी.