जे.सी. कुमारप्पा

जोसेफ चेल्लदुराई कुमारप्पा (जन्म : तंजावर, ४ जानेवारी १८९२, मृत्यू : मद्रास, ३० जानेवारी १९६०) हे भारतीय अर्थतज्ज्ञ, गांधीवादी कार्यकर्ते आणि ग्रामोद्योग चळवळीचे प्रमुख संघटक होते. त्यांच्या कार्याचा मोठा भाग विदर्भात, वर्धा येथील मगनवाडीत झाला. बिनधुराची ‘मगन चूल’ हे मगनवाडीचे साधन त्यांच्या अर्थविचाराचे उत्तम उदाहरण मानता येते.

सुरुवातीचे जीवन

तमिळ ख्रिस्ती कुटुंबात जन्मलेल्या कुमारप्पांचे मूळ आडनाव कॉर्नेलियस होते. पुढे त्यांनी आणि त्यांचे बंधू भारतन यांनी घराण्यातील कुमारप्पा हे नाव धारण केले. लंडनमध्ये हिशेबतपासणीचे शिक्षण घेऊन त्यांनी मुंबईत व्यवसाय केला. १९२७ मध्ये ते अमेरिकेस गेले व सिरॅक्यूज आणि कोलंबिया या विद्यापीठांत शिकले. कोलंबियात एडविन सेलिग्मन यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी भारताचा राजस्व आणि दारिद्र्य यांच्या संबंधावर प्रबंध लिहिला. या अभ्यासातून ब्रिटिश राजवटीविषयीचे त्यांचे मत पालटले. पाश्चात्त्य पोशाख त्यागून त्यांनी खादी स्वीकारली. ते अखेरपर्यंत अविवाहित राहिले.

गांधीजींचा सहवास

१९२९ मध्ये साबरमती येथे त्यांची महात्मा गांधींशी भेट झाली. त्यानंतर ते गुजरात विद्यापीठात अध्यापन करू लागले. विद्यार्थ्यांना सोबत घेऊन त्यांनी खेडा जिल्ह्यातील मातर तालुक्याची आर्थिक पाहणी केली. मिठाच्या सत्याग्रहाच्या काळात ‘यंग इंडिया’चे संपादन केल्यामुळे त्यांना कारावास भोगावा लागला. १९३४ च्या बिहार भूकंपानंतर मदतनिधीचा हिशेब त्यांच्याकडे होता. त्या निधीतील पैसा पीडितांचाच आहे या भूमिकेवर ते इतके ठाम होते, की खुद्द गांधीजींच्या सोबत्यांनाही त्यांनी त्या नियमातून सूट दिली नाही.

मगनवाडीतील कार्य

डिसेंबर १९३४ मध्ये अखिल भारत ग्रामोद्योग संघाची स्थापना झाली. श्रीकृष्णदास जाजू हे संघाचे अध्यक्ष, तर कुमारप्पा संघटक व मंत्री होते. जमनालाल बजाज यांनी दिलेल्या वर्ध्यातील बागेस गांधीजींचे सहकारी मगनलाल गांधी यांच्या स्मरणार्थ मगनवाडी हे नाव मिळाले. घाणीचे तेल, हातसडीचा तांदूळ, गूळ, हातकागद, मधुमक्षिकापालन यांवर तेथे प्रयोग व प्रशिक्षण चाले. ‘ग्राम उद्योग पत्रिका’ हे मुखपत्र कुमारप्पा संपादित करीत. ३० डिसेंबर १९३८ रोजी गांधीजींच्या हस्ते मगन संग्रहालयाचे उद्घाटन झाले.

मध्य प्रांत व वऱ्हाड सरकारने नेमलेल्या औद्योगिक पाहणी समितीचेही ते अध्यक्ष होते. दिग्रस ज्या यवतमाळ जिल्ह्यात आहे, तो जिल्हा त्या वेळी याच प्रांताच्या वऱ्हाड विभागात मोडत असे.

मगन चूल

वऱ्हाडातील घरांत पऱ्हाट्या, तुराट्या, गोवऱ्या आणि रानातील सरपण हेच जळण असे. उघड्या चुलीत बरीचशी उष्णता भांड्याच्या बाजूने निघून जाते आणि धूर घरातच कोंडतो. त्याचा सर्वाधिक त्रास स्वयंपाक करणाऱ्या स्त्रियांच्या डोळ्यांना व फुप्फुसांना होतो, आणि त्यांच्याजवळ बसणाऱ्या मुलांनाही होतो. जळणाची मोळी आणण्याचे कष्टही बहुधा स्त्रियांच्याच वाट्याला येतात.

१९४७ च्या सुमारास प्रसारात आलेली मगन चूल मातीचीच होती. पारंपरिक चुलीला जोडलेल्या वैलाचे तत्त्व तिच्यात पुढे नेलेले होते. एका तोंडाशी पेटवलेल्या जाळाची ऊब आतल्या बोगद्यातून एकापाठोपाठ एक भांड्यांखालून जाई आणि उरलेला धूर धुराड्यातून छपरावर निघे. त्यामुळे एका जाळावर अनेक पदार्थ शिजत.

अशी चूल वापरणाऱ्याकडून काही शिस्त अपेक्षित असते. लाकूड पुरते वाळलेले आणि बारीक फोडलेले हवे. ओल्या लाकडाची बरीच ऊब त्यातील पाणी आटवण्यातच खर्ची पडते. चुलीचे तोंड जळणाने कोंबल्यास हवा अडते व धूर वाढतो. भांडे तोंडावर घट्ट न बसल्यास किंवा एखादे तोंड उघडे राहिल्यास धुराड्याची ओढ मंदावते. बोगद्यात आणि धुराड्यात साठणारी काजळी वेळोवेळी काढावी लागते, अन्यथा धूर उलटा घरात येतो. साठलेली काजळी पेट घेण्याचाही धोका असतो. भेगा शेणमातीने लिंपणे आणि धुराडे गवती छपरापासून अंतर राखून वर नेणे आवश्यक असते. निखारे धुमसत ठेवून बंद खोलीत झोपणे घातक ठरते, कारण त्यातून निघणाऱ्या विषारी वायूला रंग वा वास नसतो.

ही निगा राखली न गेल्यास चूल निरुपयोगी होई. पुढील काळातील सुधारित चुलींनाही हीच अडचण आली. १९८० च्या दशकात केंद्र शासनाने सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला. तेव्हाही चुली बांधण्यापेक्षा त्या वापरात टिकवणे अधिक कठीण ठरले.

आर्थिक विचार

कुमारप्पांनी निसर्गसंपत्तीचे दोन भाग केले. कोळसा, खनिज तेल व धातू ही साठ्याची संपत्ती होय. ती वापरली की संपते. वारा, वाहते पाणी आणि जंगल ही प्रवाही संपत्ती होय. तिची भर पडत राहते. जंगलाच्या वाढीइतकेच लाकूड तोडल्यास ही संपत्ती अक्षय राहते, हे सूत्र येथून निघते. कमी जळणात अधिक शिजवणारी चूल त्यांच्या विचारव्यवस्थेत महत्त्वाची ठरते ती याच कारणाने. समाजाच्या अर्थव्यवहाराचेही त्यांनी परोपजीवी, लुटारू, उद्यमी, सामूहिक आणि सेवामय असे टप्पे मानले.

ग्रंथ

* व्हाय द व्हिलेज मूव्हमेंट?
* इकॉनॉमी ऑफ पर्मनन्स
* प्रॅक्टिस अँड प्रीसेप्ट्स ऑफ जीझस

यांपैकी शेवटचे दोन ग्रंथ ‘भारत छोडो’ आंदोलनाच्या काळात जबलपूरच्या तुरुंगात लिहिले गेले.

अखेरची वर्षे

स्वातंत्र्यानंतर काँग्रेसच्या कृषिसुधार समितीचे अध्यक्षपद त्यांनी भूषविले. समितीचा अहवाल १९४९ मध्ये सादर झाला. मात्र मोठ्या उद्योगांवर भर देणाऱ्या नियोजनाशी त्यांचे मतभेद वाढत गेले. १९५१ मध्ये त्यांनी वर्ध्याजवळ सेलडोह येथे पन्नई आश्रम सुरू केला. प्रकृती ढासळल्यावर ते मदुराईजवळील टी. कल्लुपट्टी येथील गांधी निकेतन आश्रमात राहू लागले. गांधीजींच्या बाराव्या पुण्यतिथीस मद्रास येथे त्यांचे निधन झाले. जयपूर येथील ‘कुमारप्पा ग्रामस्वराज्य संस्था’ त्यांच्या नावे कार्यरत असून वर्ध्यातील मगन संग्रहालय त्यांच्या कार्याची साक्ष देते.