विश्लेषण : काम हाच उपचार मानणाऱ्या कमला निंबकर कोण होत्या?

डिजिटल डेस्क

नारळ काढताना माडावरून पडलेल्या माणसाचा जीव शस्त्रक्रियेने वाचू शकतो. पण पायांतली ताकद गेली तर उद्या तो पोट कसे भरणार, याचे उत्तर डिस्चार्ज कार्डवर लिहिलेले नसते. तारकर्ली-देवबागच्या किनाऱ्यावर हा प्रश्न सहसा घरच्यांवर सोडला जातो. वास्तविक तोही उपचाराचाच भाग आहे. भारतात या विचाराला रुग्णालयात आणि अभ्यासक्रमात जागा मिळवून देणाऱ्या कमला निंबकर यांच्या कामाला पाऊणशे वर्षे झाली. त्यांनी काय केले आणि आज त्यातले काय आपल्या हाती आहे?

कमला निंबकर कोण होत्या?

फलटणच्या कमला निंबकर बालभवन या शाळेमुळे हे नाव अनेकांच्या कानावर आहे. मूळच्या अमेरिकन असलेल्या मॅक्सीन बर्नसन यांनी ही शाळा सुरू केली. ज्यांचे नाव शाळेला दिले, त्याही जन्माने अमेरिकनच. १९०० मध्ये जन्मलेल्या एलिझाबेथ लंडी या क्वेकर पंथाच्या कुटुंबातल्या. १९३०च्या सुमारास त्या भारतात आल्या, विष्णू निंबकर यांच्याशी त्यांचा विवाह झाला आणि त्या कमला निंबकर झाल्या. फलटणचे कृषिसंशोधक बी. व्ही. निंबकर हे त्यांचे चिरंजीव, तर लेखिका जाई निंबकर या सूनबाई. त्या नात्याने इरावती कर्वे त्यांच्या विहीणबाई.

या क्षेत्राकडे त्या कशा वळल्या?

दुसऱ्या महायुद्धात जखमी झालेले सैनिक मोठ्या संख्येने घरी परतले, तेव्हा पाश्चात्त्य देशांत ऑक्युपेशनल थेरपी या शाखेला महत्त्व आले. तिची व्यावसायिक संघटना अमेरिकेत १९१७ मध्येच स्थापन झाली होती. पंचेचाळिशीच्या आसपास, संसार आणि मुले असताना, कमला निंबकर यांनी फिलाडेल्फियात जाऊन या विषयाचे रीतसर शिक्षण घेतले. परत आल्या तेव्हा त्यांच्या हातात अशी पदवी होती, जिचा अर्थ इथे बहुतेक डॉक्टरांनाही समजावून सांगावा लागे.

व्यवसायोपचार म्हणजे नेमके काय?

ऑक्युपेशनल थेरपीला मराठीत व्यवसायोपचार म्हणतात. इथे व्यवसाय म्हणजे धंदा नाही. माणूस दिवसभरात जे जे करतो ते सगळे यात येते : आंघोळ, शर्टाची बटणे लावणे, भाकरी थापणे, शाळेत लिहिणे, कामावर जाणे.

फिजिओथेरपीशी त्याची गल्लत होते. ढोबळमानाने सांगायचे तर गुडघा किती अंशात वाकतो हे फिजिओथेरपिस्ट पाहतो. तो गुडघा घेऊन या बाईंना चुलीपाशी बसता येते का, येत नसेल तर ओटा किती उंच हवा, हे व्यवसायोपचारतज्ज्ञ पाहतो. पकड कमजोर असेल तर चमच्याची मूठ जाड केली जाते. बोटे आखडू नयेत म्हणून हाताला आधारपट्टी बसवली जाते. खांद्याची ताकद वाढवण्यासाठी नुसती कवायत न देता हातमाग किंवा सुतारकाम दिले जाते. त्यातून स्नायूला व्यायाम मिळतो आणि शेवटी हातात एक वस्तू तयार असते.

केईएममध्ये काय घडले?

परळच्या केईएम रुग्णालयात १९५० मध्ये कमला निंबकर यांच्या पुढाकाराने व्यवसायोपचाराचे प्रशिक्षण विद्यालय सुरू झाले. ते आशियातील पहिले मानले जाते. पोलिओवर तेव्हा लस नव्हती, क्षयाचे रुग्ण महिनोन्‌महिने अंथरुणावर असत आणि गिरण्यांच्या मुंबईत यंत्रात हात जाण्याचे अपघात होत. या सगळ्यांना घरी पाठवण्याआधी कामासाठी तयार करणारी माणसे हवी होती.

१९५२ मध्ये देशातील व्यवसायोपचारतज्ज्ञांची संघटना स्थापन झाली आणि निंबकर तिच्या संस्थापक अध्यक्ष झाल्या. त्याच वर्षी जागतिक महासंघ उभा राहिला. त्याच्या १० संस्थापक देशांत भारत होता. विद्यालय सुरू होऊन जेमतेम दोन वर्षे झालेल्या देशासाठी ही मोठी मजल होती. पुढे त्यांनी आशियातील पुनर्वसनाच्या कामाला वाहिलेले नियतकालिक चालवले आणि भारतातील या चळवळीचा इतिहास इंग्रजीत पुस्तकरूपाने लिहिला. १९७९ मध्ये त्यांचे निधन झाले.

काम आणि मनाच्या आरोग्याचा संबंध काय?

पगार हे एक उत्तर आहे, पण ते अपुरे आहे. ऑस्ट्रियातील मारिएनथाल गावात १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला कारखाना बंद पडल्यावर मारी याहोदा आणि सहकाऱ्यांनी तिथल्या बेरोजगारांचा अभ्यास केला. रिकामा वेळ वाढूनही लोकांचे वाचन आणि भेटीगाठी कमी झाल्या होत्या. याहोदा यांनी पुढे केलेल्या मांडणीनुसार नोकरी पैशाशिवाय पाच गोष्टी देते : दिवसाला वेळापत्रक, घराबाहेरची माणसे, सामूहिक उद्दिष्ट, समाजात ओळख आणि नियमित हालचाल.

अपंगत्व आलेल्या माणसाच्या या पाचही गोष्टी बहुधा एका दिवसात जातात. पेन्शनने पैशाचा काही भाग भरून निघतो, बाकीच्या पाच नाहीत. म्हणूनच पुनर्वसनाच्या अभ्यासात चालता येते का याच्या जोडीने कामावर परतला का, हे यशाचे माप मानले जाते.

पुढे काय उभे राहिले?

बराचसा पाया मुंबईतच घातला गेला. हाजी अली येथील भौतिक वैद्यक व पुनर्वसनाची राष्ट्रीय संस्था १९५५ची. दिव्यांगांसाठीचे देशातील पहिले विशेष सेवायोजन कार्यालय १९५९ मध्ये मुंबईत सुरू झाले. १९६८ मध्ये मुंबई आणि हैदराबाद येथे व्यावसायिक पुनर्वसन केंद्रे आली. व्यक्तीची क्षमता तपासून तिला योग्य कामाकडे नेणे हे त्यांचे काम.

रोजगाराचे आकडे मात्र त्या वेगाने हलले नाहीत. २०११च्या जनगणनेनुसार देशात २.६८ कोटी दिव्यांग होते, त्यातील सुमारे २९.६ लाख महाराष्ट्रात. देशभरातील दिव्यांगांपैकी काम करणारे केवळ ३६ टक्के. पुरुषांत हे प्रमाण ४७ टक्के, तर स्त्रियांत २३ टक्के.

कायदा आज काय देतो?

२०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकारच्या दिव्यांगत्वाचा समावेश आहे. सरकारी आस्थापनांत किमान ४ टक्के पदे राखीव आहेत, मात्र त्यासाठी दिव्यांगत्व ४० टक्के किंवा अधिक असावे लागते. नोकरीत असताना अपंगत्व आले म्हणून सरकारी कर्मचाऱ्याला काढता किंवा खालच्या पदावर आणता येत नाही. खासगी मालकांनी किमान ५ टक्के दिव्यांग कामगार घ्यावेत यासाठी सरकारने प्रोत्साहन द्यावे, असे कायदा म्हणतो. सक्ती नाही.

म्हणजे तलाठी कार्यालयातल्या कर्मचाऱ्याला संरक्षण आहे. माडावर चढणारा, रापण ओढणारा किंवा बोटीवरचा खलाशी त्यात बसत नाही.

तारकर्लीत याचा अर्थ काय?

इथला रोजगार मासेमारी, बागायती आणि पर्यटनाचा. निंबकर यांची पद्धत इथे लावायची तर आधी कामाचे तुकडे करावे लागतात. पाय काम करत नसतील तर माडावर चढणे गेले, पण बसून जाळी दुरुस्त करणे, काजूगराची प्रतवारी, होमस्टेचे फोनवरचे बुकिंग आणि हिशेब ही कामे राहतात. त्यासाठी उंबरठ्यावर उतार, योग्य उंचीचे टेबल आणि चाकाची खुर्ची जाईल असे शौचालय लागते. असे शौचालय बांधले तर दिव्यांग पर्यटकही उतरू शकतो.

पहिली पायरी म्हणजे यूडीआयडी कार्ड. केंद्राच्या स्वावलंबन पोर्टलवर अर्ज करावा लागतो आणि वैद्यकीय तपासणी होते. कार्डावर किती टक्के गमावले ते लिहिलेले असते. उरलेल्या टक्क्यांत कोणते काम बसते, हे विचारण्यासाठी व्यवसायोपचारतज्ज्ञ असतो. रुग्णालयातून घरी येण्याआधी, तो उपलब्ध आहे का, हे डॉक्टरांना जरूर विचारावे.